मात्रा

नंदा पेंटरने बोर्ड रंगवताना ठरवलं,
आकोश असं कुणाचं नाव नसतं.
मात्रा गिळली आणि लिहिलं :
आकाश वेरेबेय आणि त्यांची चौकडी, हंगेरी.
सायंकाळी साडेसहा, वाचनालयाचा हॉल.
चौकडी म्हटल्यावर निम्मं वेंगुर्ला
भांडण बघायला मिळेल म्हणून आलं.

गोव्याला निघालेली त्यांची गाडी
मठच्या तिठ्यावर मोडून पडली होती.
बंदरावर पेडवे खाऊन
ढोलवाला शोमा तापाने फणफणला.
पियानो तर आमच्या गावाने पाहिलेलाच नव्हता.
म्हणून मी, पेट्या दुरुस्त करणारा भालू मेस्त्री,
आणि दशावतारातला पखवाजी तातू कुबल.

बास आत आणताना दोघांनी आडवा धरला,
तेव्हा मागच्या बाकावरचे म्हातारे
टोप्या काढून उभे राहिले.

आकोशचा सॅक्सोफोन काळी पाचचा.
माझ्या पेटीची काळी पाच दमेकरी, भाता गळका.
त्याने कान लावला, हसला,
आणि स्वतःही धाप लागल्यासारखा वाजवू लागला.
तातूने धुमाळी धरली. आठ मात्रा.
त्या माणसाने सात मोजल्या.
दर आवर्तनाला एक वाटेत सांडायची,
तातू मान वळवून बघायचा, खंय पडली?
चौथ्या फेरीला तोही सातच वाजवत होता.
रात्री म्हणाला, "व्हडी गळता तेव्हा अशीच वल्हवतत."

मग पत्रं यायची. पोस्टमन आजगावकर
सायकल स्टँडवर लावून वाचून दाखवायचा.

पंच्याऐंशी. रेकॉर्ड निघाली.
एका तुकड्याचं नाव वेंगुर्ला ठेवलं आहे.
स्पेलिंग चुकलं, क्षमा असावी.

सत्याऐंशी. मार्तोन एका कार्यक्रमासाठी
व्हिएन्नाला गेला. बास परत आला.

एक्क्याण्णव. सरकार बदललं.
आता काहीही वाजवायला परवानगी आहे
आणि ऐकायला कोणी नाही.
डॅन्यूबवर पर्यटकांच्या बोटीत वाजवतो.
जेवण मिळतं. बेनेदेक सुटाला इस्त्री करायला शिकला.
(तातू म्हणाला, बोटीवरचा जेवाण बरा असता.)

अठ्ठ्याण्णव. शोमा गेला. नवा माणूस घेतला नाही.
तो जिथे थाप द्यायचा तिथे आम्ही थांबतो.
लोकांना वाटतं आम्ही विसरलो.

दोन हजार चार. पदक मिळालं.
पदक वाजत नाही, मी वाजवून पाहिलं.
तातूला विचार,
धुमाळीला आठवी मात्रा खरंच होती का?

तातूला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.
आजगावकर निवृत्त. मीच कार्ड आणलं,
मीच लिहिलं : होती.
बाकीचं पुढच्या पत्रात कळवू म्हटलं.

पुढचं पाकीट त्याच्या मुलीचं.
आत चिठ्ठी नाही. वेताची एक पत्ती,
टोकाशी झिजलेली, ओठाचा तपकिरी डाग.
ती मी सुटे सूर ठेवायच्या डबीत ठेवली.
त्या रात्री पेटी काढून धुमाळीवर काहीबाही वाजवलं.
आठवीला बोटं उचलली,
भाता तेवढा हलवला.

बोर्ड अजून आहे. तातूच्या सुनेने
त्याचं खुराड्याला दार केलंय.
काल अंडी आणायला गेलो तर दिसला.
चौकडी कोंबड्यांनी टोचून नेली, हंगेरी कुजली,
आकाश शाबूत.
पट्ट्यांवर खुणा करायचा खडू खिशात असतोच.
का-च्या डोक्यावर मात्रा दिली.
सून चार अंडी कागदात गुंडाळत होती.
तिने बघितलं, नाव वाचलं नाही.
म्हणाली, "पावसात जातली ती, काका."